पोचल्याचा फोन

अलमेलूमामींचा राघोत्तम, कॉलेजातल्या पोरांचा लाडका पुढारी, चेन्नई महापालिकेच्या निवडणुकीला उभा होता. गरजेला लष्कराच्या मदतीला जाणाऱ्या प्रादेशिक सेनेतही होता तो. मतदानाच्या आदल्या संध्याकाळीच तिकडून बोलावणं आलं, आणि पोर पाठीवर बोजा घेऊन सरहद्दीकडच्या गाडीत बसलं.

सकाळी त्याच्या प्रचारातली शरण्या धावत आली. "मामी, अजून अंगण झाडलं नाही? पिठाच्या रांगोळीचं कोलमही नाही? घरात काही वाईट घडलंय असं वाटेल लोकांना. आज मतदान आहे."

"पोचल्याचा फोन नाही आला गे," मामी म्हणाल्या. "गेलेल्याच्या पावलांवर केरसुणी कशी फिरवू? हरला तर हरू दे. आधी सुखरूप पोचू दे."

शरण्या गल्लीत उतरली आणि शेजारच्या दाराकडे वळली.

उन्हं चढल्यावर मामी मत द्यायला निघाल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. अख्ख्या गल्लीत एकाही दारापुढे पिठाची रेघ नव्हती. समोरची म्हातारी पाट्टी पायरीवर बसली होती, बोटावर मतदानाची ओली शाई.

"फोन आला की हाक मार गे," ती म्हणाली. "मग सगळ्याच झाडू."