लाल झालेलं नाव

"ती बाटली टाकून दे," सर म्हणाले. संगणकाने मृण्मयीचं नवं औषध यकृताला घातक ठरवलं होतं. तिची अख्खी पीएचडी त्या बाटलीत होती. तिने बाटलीभोवतीची मूठ घट्ट केली.

का?

हे तिने संगणकालाच विचारलं. जुन्या तपासण्यांच्या नोंदी वाचून शिकलेलं त्यातलं मॉडेल कारणही दाखवायचं: ज्या शब्दांवरून निकाल दिला, ते लाल व्हायचे.

औषधाची रचना काळीच राहिली. लाल झालं फक्त एक नाव. तपासनीस: पातुरकर.

का?

कारण संशयास्पद औषधं वर्षानुवर्षं पातुरकरांकडेच जात, आणि बहुतेक घातक निघत. त्यांच्याइतकं चोख कोणी तपासत नसे. म्हणूनच तर मृण्मयीने आपल्या औषधाच्या नोंदीत त्यांचं नाव घातलं होतं.

"म्हणजे विष मीच!" कोपऱ्यातून पातुरकर म्हणाले.

नाव काढून तिने पुन्हा विचारलं. आता रचनेचे भाग लाल झाले आणि निकाल आला: धोका कमी.

सर हसले. "पातुरकर, तुम्हीच तपासा."

मृण्मयीने मूठ उघडली. बाटली घामाने ओली झाली होती.

"आधी चहा करतो," पातुरकर म्हणाले. "पिणार ना, की संगणकाला विचारायचं?"