खून हवा, रक्त नको

"ही शेवटी अडकते रे," मिस्तरींनी डिस्क काउंटरवर ठेवली. "शेवटची वीस मिनिटं दिसतच नाहीत. दुसरी प्रत असेल तर दे. आणि पुढे रक्त आहे का ते सांग."

"नाही हो काका. शेवटी नुसत्या गप्पा." दुकानदार हसला. "खून हवा, पण रक्त नको! पोहायचंय पण ओलं व्हायचं नाही, असं झालं तुमचं."

"हसू नकोस. माणसं चांगली हवीत. खून काय, दाराआड झाला तरी चालतो."

"खुनी कोण, तेही सांगून टाकू?"

"ते मला केव्हाच कळलंय," मिस्तरी म्हणाले आणि दुसरी प्रत घेऊन झपझप घरी निघाले.

चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. त्यांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. वर्गात काच फुटली तर बाई कुणाला काही विचारत नसत. पोरांना रांगेत उभं करत, एकेकाचं तोंड बघत आणि नेमक्या पोराचा कान धरत. "चोराच्या मनात चांदणं," एवढंच म्हणत.

आता त्याच बाई दुपारी जेवल्याचं संध्याकाळपर्यंत विसरत. पोटच्या लेकीला कधी ताई म्हणत, कधी शेजारीण.

फक्त रहस्यमालिका लावली की जुन्या बाई परत येत. अर्ध्या तासात खुनी ओळखत. आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या. मिस्तरींचा दिवस त्या अर्ध्या तासावर उभा होता.

रक्ताशी मात्र त्यांचं वाकडं होतं. एकदा पडद्यावर भोसकाभोसकी झाली, तेव्हा बाई टॉवेल घेऊन धावल्या आणि टीव्हीवर दाबून धरला. "अहो, बघत काय बसलात? डॉक्टरांना बोलवा!" त्यानंतर दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून मिस्तरी रोज सकाळी, बाई झोपलेल्या असताना, कानाला हेडफोन लावून अख्खा भाग आधी बघून घेत. संध्याकाळी तोच भाग पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत.

आज शेवट बघायचा राहिला होता, आणि ते घरी पोचले तेव्हा बाई जाग्या झाल्या होत्या. पण इतके खून पचवल्यावर मिस्तरींचं कुठे अडणार होतं? मेलेल्या सावकाराच्या घरी एक गरीब शिंपी यायचा. खाली मान घालून मापं घ्यायचा, निघून जायचा. त्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता. म्हणजे तोच.

संध्याकाळी लेक आली. पर्समध्ये वृद्धाश्रमाचा कागद होता.

"बाबा, एकच खाट रिकामी आहे. उद्यापर्यंत थांबायला ते तयार नाहीत. सात वाजेपर्यंत कळवायचंय."

"ती कुठेही जाणार नाही."

"परवा तुम्ही जिन्यात पडलात. तासभर तिनं कुणाला हाक मारली नाही. तुम्हाला काही झालं तर ही काय करेल?"

"तिचं डोकं शाबूत आहे. तू बस, बघ."

"तुम्हीच आधी सांगत असाल तिला खुनी कोण ते."

"तुझ्या गळ्याची शपथ. एक अक्षर सांगत नाही."

"मग आज मीही बघते. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

मिस्तरींनी तोंडावर बोट ठेवलं. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या, मिस्तरी टीव्हीजवळच्या तिरप्या खुर्चीत. लेक मागे दाराशी उभी राहिली. मालिका सुरू झाली. सावकाराचं घर, त्याची भांडखोर वहिनी, गडी, वकील. शिंपी येऊन मापं घेऊन गेला. पुन्हा आला. मिस्तरी खुर्चीच्या टोकाशी सरकले, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पंचविसाव्या मिनिटाला बाई हसल्या.

"यानंच मारलं," त्या म्हणाल्या. "या टेपवाल्यानं."

"शिंप्यानं?" लेक पुढे आली. "आई, अगं त्याच्यावर तर कुणाचा संशयसुद्धा नाही!"

"पण तोच आहे," बाई ठामपणे म्हणाल्या. तोच वर्गातला आवाज.

"बाबा, बरोबर?"

मिस्तरींनी मान डोलावली.

लेकीनं डोळे पुसले. तिनं तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "हो, आईसाठी विचारलं होतं ना, ती जागा. नको आम्हाला. दुसऱ्या कुणाला द्या." मग तिनं कागद फाडला, आईच्या गालावरून हात फिरवला. "चुकलंच माझं, बाबा. मला वाटलं होतं, आई संपली." पोरं घरी एकटी होती म्हणून ती चहाही न घेता गेली.

मिस्तरींनी दार लावलं. किती महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. ते पुन्हा खुर्चीत बसले. उरलेली वीस मिनिटं तेवढी बघायची होती.

पडद्यावर सगळे दिवाणखान्यात जमले. बोलणं लांबत गेलं. एका क्षणी वहिनी उठली, हात जोडून रडू लागली आणि विष कसं कालवलं ते सांगू लागली. शिंपी त्या खोलीत नव्हताच. त्याला कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं. त्याचं नाव अख्ख्या मालिकेत कुणी घेतलं नव्हतं.

मिस्तरींनी सावकाश मान वळवली.

बाई टीव्हीकडे बघत नव्हत्या. त्या मिस्तरींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, एकटक, आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटत होती.

"अहो," त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"