खटक्यावरचा हात

वृषभनं लाकूड कोरायच्या राउटर मशीनवर टाकलेलं पोतं उचललं आणि परत होतं तसं टाकलं.

"लाकूड ओलं हाय अजून," तो म्हणाला. "आत्ता कोरलं तर उद्या तडकंल."

विश्वजित दारात उभा होता. उचगावातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये तो दुसऱ्यांदा आला होता. मागच्या खेपेला वृषभनं त्याचा डावा हात पुठ्ठ्यावर ठेवून कडेकडेनं पेन्सिलीनं रेघ ओढून घेतली होती. अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली गेली होती. नंतर कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसवलं, पण साध्या कीबोर्डवर तो हात नुसता पडून राहायचा. काम उरकत नसेल तर घरी बसा, असं नव्या साहेबानं तोंडावर सांगितलं होतं. असल्या हाताच्या बेताचा कीबोर्ड बाजारात मिळत नाही आणि एका माणसासाठी प्लॅस्टिकचा साचा कोणी करत नाही. तो लाकडातच कोरायला हवा होता. लाकडाचे कीबोर्ड करून विकणारा वृषभ त्याला मोबाइलवर सापडला होता.

आराखडा केव्हाच तयार होता. डाव्या बाजूची सगळी बटणं अंगठ्याखाली आणि करंगळीपाशी आणलेली, तळवा टेकायला खोलगट जागा. वृषभच्या बायकोनं, राजमतीनं, आतल्या खोलीत तारा जोडून ठेवल्या होत्या. शिसवाची फळी टेबलावर आवळून बसवलेली होती. कोरायची तेवढी राहिली होती.

विश्वजित पुढं आला. टेबलाला लांबून वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला आणि उजव्या हाताच्या बोटानं फळी वाजवली. ती ठणठण वाजली.

"ह्याला ओलं म्हणत्यात व्हय?"

वृषभनं मान खाली घातली. राजमतीलाही त्यानं लाकडाचंच कारण सांगितलं होतं. ती ऐकून घेत होती.

"पावणं, खरं सांगतो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मागं एकदा लाकडाच्या गाठीत बिटाचं पातं अडकलं. मशीन हातातनं उसळलं आणि हितनं गेलं." त्यानं पोटावर हात फिरवला. "शर्ट फाडून गेलं. अंगाला लागलं न्हाय. तवापासनं मी त्याला हात लावला न्हाय. घरात बी कुणाला म्हायती न्हाय."

आता हा हसणार, असं त्याला वाटलं. विश्वजित हसला नाही. तो पोत्याकडं बघत होता, त्यातून काहीतरी बाहेर यायच्या बेतात असल्यासारखा.

"घरात मिक्सर लावला की मी अंगणात जातोय," विश्वजित म्हणाला. "बायको म्हणती, चटणी वाटायला लावलाय, तुम्हाला न्हाय."

मग विश्वजित भिंतीशी गेला.

"मशीनचा खटका ह्योच न्हवं?"

"व्हय."

"मी हितं थांबतो. तुम्ही नुसतं 'हं' म्हणा, मी बंद करतो."

राउटरला स्वतःचं बटण होतं, पण मशीन उसळलं की ते कुणाच्या हाती लागत नाही, हे वृषभ शिकला होता. त्यानं विचारलं, "त्या दिवशी तुमच्या प्रेसपाशी कोण नव्हतं?"

"हुता की. च्याला गेलता."

वृषभनं पोतं काढलं. डोळ्यांवर चष्मा चढवला, राउटर फळीवर धरला आणि मान हलवली. खटका पडला. शेड आवाजानं भरून गेली. हातांना काम आठवत होतं. बिट लाकडात उतरलं. काळपट भुसा उडायला लागला. पहिली कड नीट आली. वळण आलं, तेही नीट गेलं.

मग आवाज बदलला.

मागं गाठीत बिट अडकलं तेव्हाचाच तो आवाज होता, जाड, घोगरा. मशीन त्याच्या मुठीत शिरशिरलं. वृषभनं 'हं' म्हणायला तोंड उघडलं आणि घशातून काही बाहेरच पडेना. हात सोडावेत की आवळावेत, तेही त्याला कळेना. त्यानं डोळे मिटले.

शेड एकाएकी शांत झाली. बिट दोन-चार गिरक्या घेऊन थांबलं.

त्यानं डोळे उघडले. फळी शाबूत होती. कोरलेल्या कडेला लागूनच एक काळी गाठ वर आली होती. बिट तिला नुसतं चाटून थांबलं होतं.

"मी काय म्हटलंच न्हाय," वृषभ म्हणाला.

"तुमचं तोंड बघितलं की."

वृषभनं राउटर बाजूला ठेवला. चष्मा काढून घाम पुसला. "गाठीला वळसा घालून न्यावं लागंल. निम्म्याच्या वर राहिलंय अजून. या, बसा जरा."

विश्वजित भिंतीपासून हलला नाही. उजवा हात त्यानं पाठीशी घट्ट धरला होता. डावा वर होता, अंगठा खटक्यावर, करंगळी भिंतीला टेकलेली. त्या हाताखाली बोर्डाचं सैल झाकण बारीक वाजत होतं.

"हात तरी खाली घ्या."

"नको," विश्वजित म्हणाला. "आत्ता खाली घेतला तर परत वर जायाचा न्हाय."