हुबेहूब आवाज

परक्यांची जहाजं किनाऱ्याला लागण्याआधी त्या बेटावर झाडागणिक निळा पक्षी होता. आता एकच उरला होता, संग्रहालयात, भुसा भरलेला. त्याचा आवाज काढू शकणारे आजोबाही एकच, नव्वदीचे आणि दमेकरी.

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी मुलगी श्वास रोखून बसली होती. पहिल्या खेपेला आजोबांना ठसका लागला. दुसऱ्या खेपेला नुसतीच फुंकर निघाली.

"राहू द्या का, आजोबा?" तिने घाबरून विचारलं.

त्यांनी हातानेच तिला गप्प केलं, डोळे मिटले, आणि तिसऱ्या खेपेला खोलीत पक्षी बोलला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"किती गोड गायचा हो!"

"गाणं नाही गं ते," आजोबा धापा टाकत म्हणाले. "पिल्लू संकटात सापडलं की असं ओरडायचं. ते ऐकून आई धावत यायची, आणि माझे आजोबा जाळं टाकायचे. मडमांच्या टोप्यांना पिसं हवी असायची."

तिचा हात बटणावरच राहिला. "आणि त्याचं गाणं?"

"ते आमच्यात कुणी शिकलंच नाही, पोरी. पकडायला त्याचा काय उपयोग?"