हातगुण

"तुम्हा मुलांच्या हाताला गुणच नाही," उघड्या यंत्रावर ओणवत डॉ. केळुसकर म्हणाले. एन्झाइमने रेणू तोडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि अवरक्त किरणांच्या आलेखावर त्याचं शिखर उमटतं, हा त्यांचा गाजलेला शोध. पण वैजयंतीने एकटीने प्रयोग केला की आलेख सपाट यायचा. सर शेजारी उभे राहून व्याख्यान देऊ लागले की शिखर हजर. तिची पीएचडी त्या एका शिखरापायी अडली होती.

आज तिने मुद्दाम एन्झाइमऐवजी नुसतं पाणी घातलं. सर नेहमीसारखे ओणवून बोलत राहिले आणि शिखर डौलात उभं राहिलं.

"बघा, याला म्हणतात हातगुण."

"सर, आत नुसतं पाणी आहे," ती चाचरत म्हणाली. "एकदा श्वास रोखून उभे राहाल का?"

आतली हवा घालवायला तिने यंत्रात नायट्रोजन सोडला. सर पहिल्यांदाच गप्प राहिले. आलेख सपाट झाला. त्या सरळ रेषेकडे ते पाहतच राहिले, आणि मग त्यांनी एक दीर्घ उसासा टाकला.

शिखर पुन्हा उमटलं.