अकरावं घर

मंडल अधिकारी भोईर यांनी अंक उलटापालटा करून पाहिला. मुखपृष्ठावर तांबडा ग्रह, दोन चंद्र आणि काचेचं हेल्मेट घातलेली एक बाई. खाली नाव : ‘ताम्रग्रह, अंक चौथा – पहिली वस्ती’.

“हा पुरावा? कॉमिक?”

“तारीख बघा साहेब,” भाग्यश्री म्हणाली. “दिवाळी २०१०. मागे कर्जतच्या छापखान्याचं नाव आहे.”

खालापूरच्या डोंगरपायथ्याची ही उंबरवाडी. अकरा घरं, आणि घरांपासून वीस पावलांवर जेसीबी. २०११च्या आधीची घरं राहतील, बाकीची आजच पडतील, असा हुकूम होता. वाडीकडे ना घरपट्टीची पावती, ना विजेचं बिल. ज्यांनी कधी विजेचा खांब रोवला नाही तेच आता बिल मागत होते. उपग्रहाच्या जुन्या फोटोत नुसते आंबे दिसत होते, आंब्यांखालचं काही नाही. शेवटी अंबूबाईला ती चित्रं काढणारी पोरगी आठवली. तिने दहिवली गावी निरोप धाडला. ती पोरगी म्हणजे भाग्यश्री, आता चाळिशीला आलेली, ड्रॉइंगची बाई. शाळा बुडवून आली.

“ग्रह खोटा आहे, वस्ती खरी आहे,” भाग्यश्री म्हणाली. “वस्ती कशी उभी राहते ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून अख्खा उन्हाळा इथे येऊन बसले. वाघोबाच्या दगडाकडे इथे कोणी घराची पाठ करत नाही, म्हणून घरं अशी वाकडीतिकडी आहेत. मी तशीच काढली. वर नुसते काचेचे घुमट चढवले. वाचकांनी पत्रं लिहिली, बाई, तुमचं चित्र चुकलंय म्हणून.”

भोईरांनी शेवटचं मोठं चित्र उघडलं. ते वाघोबाच्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. चित्रातल्या दगडाला चीर होती. याही दगडाला होती, तिथेच.

त्यांनी मोजायला सुरुवात केली. ज्याच्या घराकडे बोट जाई तो आपल्या दारात जाऊन उभा राही. गजा. जना. पदू आणि त्याची सून.

“दहा,” भोईर म्हणाले.

“अकरा हायेत, सायेब,” गजा दारातूनच ओरडला.

“जमिनीवर अकरा. चित्रात दहा.”

बांधाकडचं शेवटचं घर अंबूबाईचं. ती दारात कधीची उभी होती. चित्रात त्या जागी संवादाचा मोठा पांढरा फुगा होता.



भोईर काही वाईट नव्हते. “फुग्यामागे असेल,” ते म्हणाले. “मूळ चित्र आहे ना तुमच्याकडे? घेऊन या. संध्याकाळपर्यंत मशीन थांबवतो.”

सगळ्या वाडीने श्वास सोडला. अंबूबाई तर हसली. “हाय वो सायेब, तिच्याकडं समदं हाय. ती कागुद फेकनारी नाय.”

मूळ चित्र घरी कपाटात होतं. त्यात एक घर काढायला भाग्यश्रीला दहा मिनिटं पुरली असती. ती तसं करणार होती, अगदी मनापासून. पण नवी शाई ओळखणारे लोक या जमिनीवर डोळा असलेल्या प्लॉटवाल्यांकडे असतात. एक रेघ खोटी सापडली की बाकीची दहा घरंही खोटी ठरली असती.

“साहेब, मागे काही नाही,” ती म्हणाली. “फुगा येणार म्हणून जागा कोरीच ठेवली होती. आम्ही तसंच करतो. पण घर होतं तिथे. मावशी रोज मला त्याच दारात चहा द्यायची. मीच काढलं नाही.”

“तुमचा जबाब लिहून घेतो,” भोईर म्हणाले. “ पण नुसत्या जबाबावर आज घर वाचेल, असं सांगत नाही.” त्यांनी कागदावर दहा लिहिले आणि ड्रायव्हरला हात केला. जेसीबी सुरू झाला.

अंबूबाईने येऊन अंक हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिने फुग्यावर बोट ठेवलं.

“माजं घर हितं व्हतं?”

“हो मावशी.”

“मंग हितं काय लिवलंस?”

भाग्यश्रीला शरमेने मान वर करवेना. म्हातारीने बोट काढलं नाही. शेवटी भाग्यश्रीने वाचलं.

“‘सगळ्यांना घर मिळालं. आता उघड्यावर कोणीही नाही.’”

“कोन बोलतंय हे?”

“त्यांचा कप्तान.”

अंबूबाईने अंक मिटला आणि तिच्या हातात परत दिला.

“त्याला सांग, मी हाय.”