बंद पडलेली टाकी

गोबरगॅसची शेगडी पेटेना, तेव्हा अनसाबाई जनावरांच्या डॉक्टरवर खेकसल्या, "इंजेक्शनं गाईंना टोचलीत, अन् माझी टाकी कशी मेली?"

"औषध शेणातून टाकीत उतरलं, काकू. गॅस करणारे नाना जातींचे जंतू मेले. औषधाला पुरून उरले ते दोनचार प्रकार, त्यांच्यानं गॅस होत नाही. दुसऱ्या चालू टाकीतली स्लरी, म्हणजे जिवंत जंतूंचा शेणकाला, आणून ओता."

गावात चालू टाकी एकच, धाकट्या जावेची. तिच्या घरचं पाणीही पिणार नाही, असं अनसाबाईंनी भर पंगतीत सुनावलेलं. पण घरात सून ओली बाळंतीण, अन् चुलीच्या धुरानं तान्हं खोकत होतं.

बादली घेऊन त्या गेल्या.

"देते की," जाऊ म्हणाली. "आधी चहा घ्या, जाऊबाई. आमचा गॅस चालू आहे."

अनसाबाई पाटावर टेकल्या. "साखर बेताची टाक," त्या गुरगुरल्या.